मेटलाइफ स्टेडियमवर एनएफएलचा सामना: वेळापत्रकापासून परतीच्या ट्रेनपर्यंत

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला अमेरिकी फुटबॉल (सॉकर नव्हे) टाळता येत नाही. ऑफिसात सोमवारी सकाळी त्याच्यावरच बोलणं चालू असतं. पण स्टेडियमवर जायचं म्हटलं की पाऊल अडखळतं. तिकीट कुठून काढायचं, केवढ्याला पडेल, पिशवी आत नेऊ देतात का, आणि समोर जे चाललंय ते आपल्याला कळेल तरी का? २० ऑक्टोबर २०२४ ला न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स हा सामना बघितला. त्याची सगळी प्रक्रिया, खर्चासकट, इथे क्रमाने लिहीत आहे. एनएफएल ही या फुटबॉलची मुख्य लीग. ती कशी चालते ते आधी समजून घेतलं तर तिकीटही नीट निवडता येतं आणि मैदानावरचे तीन तास सार्थकी लागतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

लीगमध्ये ३२ टीम आहेत. एएफसी आणि एनएफसी असे १६-१६ चे दोन गट, आणि प्रत्येक गटात पूर्व, उत्तर, दक्षिण, पश्चिम असे चार-चार टीमचे चार विभाग. जायंट्स एनएफसी पूर्वमध्ये आहेत; त्यांच्याबरोबर ईगल्स, वॉशिंग्टन आणि टेक्सासातलं असूनही डॅलस. २०२१ पासून प्रत्येक टीम १८ आठवड्यांत १७ सामने खेळते, मधला एक आठवडा सुट्टीचा.

हे १७ प्रतिस्पर्धी चिठ्ठ्या टाकून ठरत नाहीत. २०२४ चे जायंट्सच उदाहरणाला घ्या. आपल्या विभागातल्या तिघांशी घरी एक आणि बाहेर एक, असे ६ सामने. आपल्याच गटातल्या एका पूर्ण विभागाशी ४. हा विभाग दर वर्षी बदलतो, त्या वर्षी एनएफसी दक्षिण होता. दुसऱ्या गटातल्या एका पूर्ण विभागाशी ४. त्या वर्षी एएफसी उत्तर. झाले १४. उरलेले ३ आदल्या वर्षीच्या क्रमांकावर ठरतात. जायंट्स २०२३ मध्ये विभागात तिसरे आले होते, म्हणून त्यांना बाकीच्या विभागांतले तिसरे मिळाले: मिनेसोटा, सिअ‍ॅटल आणि सतरावा सामना इंडियानापोलिसशी. पहिले आलेल्यांच्या वाट्याला पहिले येतात, चौथ्यांच्या वाट्याला चौथे. खालच्याला जरा सोपं आणि वरच्याला जरा अवघड, हे या लीगमध्ये जागोजागी मुद्दाम केलेलं आहे.

याचा व्यवहारातला उपयोग असा: कोण कोणाशी आणि कुणाच्या घरी खेळणार हे जानेवारीतच कळतं, साखळी सामने संपले की लगेच. तारखा आणि वेळा मात्र मे महिन्यात जाहीर होतात. २०२४ चं वेळापत्रक १५ मेला आलं. भारतातून आई-वडील येणार असतील आणि त्यांना सामना दाखवायचा असेल, तर विमानाची तिकिटं काढण्याआधी मेपर्यंत थांबलेलं बरं.

आता पैशांचं. घरचे सामने मोजून आठ किंवा नऊ. सम वर्षी एनएफसीच्या टीमना नऊ मिळतात, विषम वर्षी एएफसीच्या. शेजारच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलचे ८१ घरचे सामने होतात, तिकडे कधीही उठून जाता येतं. इथे तसं नाही, आणि दर चढण्याचं मूळ इथेच आहे. त्यातल्या बहुतेक खुर्च्या मोसमाच्या तिकिटांत गेलेल्या असतात. २०१० मध्ये हे स्टेडियम उघडलं तेव्हा जायंट्सनी खुर्चीचा नुसता हक्क १,००० ते २०,००० डॉलरला विकला. दर वर्षीचं तिकीट त्या हक्कावर वेगळं. आपल्यासारख्यांना एकेका सामन्याची तिकिटं टिकेटमास्टर या संकेतस्थळावर मिळतात. काही थोडी टीमकडून, बरीचशी मोसमाचं तिकीट असलेल्यांनी पुनर्विक्रीला लावलेली. दोन्ही एकाच नकाशावर दिसतात, त्यामुळे कुठलं मूळ किमतीचं आणि कुठलं पुनर्विक्रीचं ते बघून घ्या.

मी जवळजवळ दोन महिने दर बघत होतो. साधारण असं दिसतं की घरची टीम हरत असेल तर शेवटच्या तीन-चार दिवसांत पुनर्विक्रीचे दर उतरतात. ईगल्सच्या सामन्याला ही आशा धरू नये. फिलाडेल्फिया गाडीने दोन तासांच्या आत आहे, तिकडचे लोक हजारोंनी येतात आणि दर टिकून राहतात. सप्टेंबरअखेरीस ३०० च्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, पातळीवरची, मधल्या रेषेपासून थोडी बाजूची खुर्ची सगळं शुल्क धरून १८५ डॉलरला घेतली. तेव्हा पहिल्या पानावर वेगळा आकडा आणि पैसे भरताना वेगळा, असं व्हायचं. मे २०२५ पासून संघराज्य सरकारच्या नियमाने शुल्कासकट पूर्ण रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे तुलना करणं आता सोपं झालं आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने वरचीच पातळी घ्यावी. खालच्या रांगांतून खेळाडू जवळून दिसतात, पण चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की माणसांच्या भिंतीपलीकडे काय झालं ते कळत नाही आणि नजर पडद्यावरच राहते. वरून बाविसच्या बावीस जण दिसतात. कोण रिकाम्या जागेत पळतोय, बचावातला मागचा माणूस कुठे सरकतोय, हे टीव्हीवर कधीच न दिसणारं वरून दिसतं. दुपारचा सामना असेल तर पूर्वेकडच्या बाजूला बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं. स्टेडियमला छप्पर नाही. ऑक्टोबरात ते ऊन हवंसं वाटतं, सप्टेंबरात त्रास देतं. डिसेंबरात कुठेही बसलात तरी वारा सोडत नाही. तेव्हा घोंगडी न्या, ती आत चालते.

लहान मुलं असतील आणि एवढा खर्च नको असेल तर ऑगस्टमधले सरावाचे सामने बघा. बहुतेक टीम तीन खेळतात. नावाजलेले खेळाडू थोडाच वेळ दिसतात, कारण ९० जणांतून ५३ निवडायचे असतात आणि नवोदितांना संधी द्यायची असते. तिकीट मात्र मोसमातल्या सामन्याच्या काही अंशात येतं, आणि स्टेडियमची सगळी पद्धत तीच.

तारखेबद्दल एक सावधगिरी. रविवारचे सामने पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी १, सव्वाचारच्या आगेमागे आणि रात्री ८:२० असे तीन वेळांत होतात. पाचव्या आठवड्यापासून रविवार रात्रीचा सामना बदलायचा अधिकार लीगकडे असतो. चौदाव्या आठवड्याआधी हा बदल निदान १२ दिवस आधी कळवतात, त्यानंतर ६ दिवसांवरही येऊ शकतो. सोमवार आणि गुरुवारचे सामनेही मोसमाच्या उत्तरार्धात हलू शकतात. अठराव्या आठवड्याच्या वेळा तर आठवडाभरच आधी ठरतात. दुसऱ्या गावाहून येणार असाल तर हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. दुपारी एकचा सामना रात्री आठवर गेला तर परतीचं विमान हमखास चुकतं.

तिकीट कागदावर मिळत नाही. ते फोनमधल्या अ‍ॅपमध्ये असतं आणि त्याचा बारकोड सारखा बदलत राहतो, त्यामुळे स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवला तर दारावर चालत नाही. चौघांची तिकिटं एकाच्या नावावर असतील तर चौघांनी एकत्र आत जायचं, नाहीतर अ‍ॅपमधून आधीच ज्याच्या त्याच्या खात्यावर पाठवायची. घरी वायफायवर असतानाच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. ८०,००० माणसं एका जागी जमली की दारापाशी नेटवर्क रांगतं. फोन पूर्ण चार्ज हवा, कारण परतीच्या ट्रेनचं तिकीटही त्यातच असतं.

पिशवीचा नियम २०१३ पासून सगळ्या लीगला एकच आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची, जास्तीत जास्त १२ इंच लांब, १२ इंच उंच आणि ६ इंच रुंद. किंवा एक गॅलनची पारदर्शक झिपची पिशवी. तिच्याबरोबर हातात मावेल एवढी साडेचार बाय साडेसहा इंचाची छोटी पर्स, ती पारदर्शक नसली तरी चालते. पाठीवरची सॅक, लॅपटॉपची बॅग, कॅमेऱ्याची केस यांना दारातूनच परत पाठवतात. दुर्बीण केसशिवाय नेता येते, आणि ३०० च्या पातळीवर ती फार उपयोगी पडते. शाकाहारी माणसाचं आत फ्राइज, प्रेट्झेल आणि चीज पिझ्झा यांवर भागतं, पण दर चढे आणि रांगा लांब. खाण्या-पाण्याचे नियम प्रत्येक स्टेडियमचे वेगळे आहेत. मेटलाइफवर पारदर्शक पिशवीतलं घरचं खाणं चालतं. पोळीची भाजी घालून केलेली गुंडाळी सगळ्यात सोयीची, हात धुवावे लागत नाहीत.

जायचं कसं? गाडीने जाणार असाल तर पार्किंगचा परवाना आधीच ऑनलाइन घ्यावा लागतो, दारावर रोख देऊन मिळत नाही. एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन या आपल्या मंडळींच्या पट्ट्यातून ट्रेन सोपी पडते. नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गाच्या ट्रेनने सिकॉकस जंक्शनला उतरायचं आणि तिथून मेडोलँड्सची ट्रेन, ती दहाएक मिनिटांत स्टेडियमच्या दाराशी सोडते. ही दुसरी ट्रेन मोठ्या कार्यक्रमांच्या दिवशीच धावते, साधारण तीन तास आधीपासून. एनजे ट्रान्झिट या रेल्वेसेवेच्या अ‍ॅपवर तिकीट काढताना मेडोलँड्सपर्यंतचं आणि जाऊन-येऊन काढा. सिकॉकसला फाटकं आहेत, तिथे तिकीट दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि परतीला तिकीटयंत्रापुढची रांग नकोशी होते.

सकाळी ११ च्या सुमारास पोचलो. एकचा सामना असला तरी ही वेळ उशिराची नाही आणि लवकरचीही नाही. वाहनतळ सकाळपासून भरलेले असतात. गाड्यांची मागची दारं उघडी, शेगड्या पेटलेल्या, मुलं डांबरावर चेंडू फेकताहेत. ओळख नसतानाही लोक बोलावून हातात काहीतरी देतात. जायंट्सच्या निळ्या आणि ईगल्सच्या हिरव्या जर्सी शेजारी-शेजारी जेवत होत्या. यासाठी अर्धा तास तरी राखून ठेवा. सुरक्षा तपासणीची गर्दी शेवटच्या पाऊण तासात होते, त्यामुळे बारापर्यंत आत गेलेलं चांगलं. सराव बघायला मिळतो, आणि ३०० ची पातळी चढायलाही वेळ लागतो.

सामना सुरू होताना पहिला धक्का सुरुवातीच्या किकचा. २०२४ पासून तिची रचना बदलली आहे. लाथ मारणारा आपल्या ३५ यार्डांच्या रेषेवर एकटा, त्याचे दहा साथीदार पार पलीकडे समोरच्यांच्या ४० वर, आणि चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. लांब पळत येऊन होणाऱ्या धडकांनी जबर दुखापती व्हायच्या, त्या कमी करण्यासाठी हा बदल आहे.

पुढचं गणित चार प्रयत्नांत दहा यार्ड. जमले तर नवे चार प्रयत्न. नाही जमले तर चौथ्या प्रयत्नाला बहुधा चेंडू लाथेने लांब घालवतात, किंवा गोलखांब जवळ असेल तर तीन गुणांसाठी मारतात. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे, सहा गुण, वर एक किंवा दोनचा जोडप्रयत्न. एवढं येत असेल तर बसायला हरकत नाही. बाकीचं शेजारचे आनंदाने सांगतात, विचारायची लाज वाटू देऊ नका.

ओरडायचं कधी, हे मात्र आधी माहीत हवं. आपली टीम आक्रमणाला असताना घरचे प्रेक्षक गप्प बसतात, कारण क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, इशारे त्याच्या साथीदारांना ऐकू जायला हवेत. पाहुणे आक्रमणाला असले आणि तिसरा प्रयत्न आला की अख्खं स्टेडियम उभं राहून आरडाओरडा करतं. इशारा नीट ऐकू आला नाही आणि एखादा आधीच हलला तर पाच यार्डांचा दंड बसतो. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. अशा हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका दिसतो. दोन प्रयत्नांमधल्या ४० सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यापुढे प्रशिक्षकाचा आवाज नाही, सगळं खेळाडूच्या डोक्यावर. वरून बघताना हाच क्षण मला सर्वांत आवडतो: घड्याळ पंधराच्या खाली जातं, क्वार्टरबॅक हाताने एकाला डावीकडून उजवीकडे पाठवतो, समोरचा बचावही त्याच्याबरोबर सरकतो.

नवख्यांना सगळ्यात खटकतात त्या मधल्या थांबण्या. अचानक सगळे खेळाडू कंबरेवर हात ठेवून उभे राहतात. तेव्हा मैदानाच्या कडेला लांब केशरी बाह्या चढवलेला एक माणूस शोधा. तो टीव्हीच्या जाहिरातींचा माणूस. तो आत उभा आहे तोवर खेळ सुरू होत नाही. शौचालयाला जायचं तर तो दिसताच निघा. मध्यंतर तेराएक मिनिटांचंच असतं आणि तेव्हाची रांग त्यात संपत नाही. तासाभराचा खेळ तीन तासांवर जातो तो याच थांबण्यांमुळे, आणि लीगचा मुख्य पैसाही याच थांबण्यांतून येतो. १९६१ च्या कायद्याने सगळ्या टीमना प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली आणि ते उत्पन्न ३२ जणांत सारखं वाटलं जातं. लाखभर वस्तीच्या ग्रीन बेची टीम न्यूयॉर्कच्या तोडीस तोड टिकते ती त्याच जोरावर.

त्या दिवशी ईगल्सचा साक्वॉन बार्कली मैदानात आला तेव्हा त्याची प्रचंड हुर्यो झाली. कारण कळायला लीगचे तीन नियम पुरतात. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं होतं. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. आदल्या वर्षी जो तळाला त्याची निवड आधी, आणि खेळाडूला जिकडे निवडलं तिकडेच जावं लागतं. पुढे त्याचा करार संपत आला तेव्हा मार्च २०२३ मध्ये जायंट्सनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर देऊ केले आणि बार्कलीवर ‘फ्रँचायझी टॅग’ लावला, म्हणजे सुमारे एक कोटीत एक वर्ष अडवून ठेवलं. दोघांनाही मोठी रक्कम का नाही? तर पगारांना कमाल मर्यादा आहे. २०२४ साठी ती दर टीमला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, आणि मालक कितीही श्रीमंत असला तरी ती सगळ्यांना सारखीच. मार्च २०२४ मध्ये बार्कली मोकळा झाला आणि ३ कोटी ७७ लाख ५० हजारांच्या तीन वर्षांच्या करारावर विभागातल्याच ईगल्सकडे गेला.

त्या दुपारी त्याने १७ वेळा चेंडू घेऊन १७६ यार्ड कापले आणि एक टचडाउन केलं. ईगल्स २८, जायंट्स ३. चौथ्या सत्रात जोन्सला बाहेर बसवलं. नोव्हेंबरात टीमने त्याला सोडलंच. जायंट्सचा तो शंभरावा मोसम होता. माझ्या शेजारी निळ्या जर्सीतले आजोबा होते, ते शेवटपर्यंत उठले नाहीत आणि बार्कलीच्या लांब धावेला त्यांनीही टाळ्या दिल्या. पुण्यात भाऊ फोनवर रात्री साडेदहापासून हेच बघत होता. न्यू जर्सीत दुपारचा एक म्हणजे भारतात तोच वेळ. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की तो साडेअकरा होतो.

परत येण्याची एक युक्ती. सामना संपल्याबरोबर स्टेशनकडे गेलात तर अडसर लावून केलेल्या नागमोडी रांगेत उभं राहावं लागतं आणि तासभर सहज जातो. एक तर पाच मिनिटं शिल्लक असताना निघा किंवा अर्धा तास खुर्चीतच बसून राहा. एकतर्फी सामन्यात बरेच जण आधीच उठतात, त्यामुळे मला ट्रेन लवकर मिळाली. मेडोलँड्सच्या ट्रेन सामन्यानंतर एक-दोन तासच चालतात, तेव्हा बाहेर रेंगाळू नका. माणशी दिवसाचा हिशोब असा: तिकीट १८५, ट्रेनचे वीसच्या आगेमागे, आतली कॉफी, प्रेट्झेल आणि पाणी मिळून २८ डॉलर. आत रोख घेत नाहीत, कार्ड जवळ ठेवा.

पुढे मोसमभर त्याच दोन टीमकडे लक्ष राहिलं, आणि अठराव्या आठवड्याचं तिकीट डोळे झाकून का काढू नये हेही दिसलं. बार्कलीचे २,००५ यार्ड झाले होते, एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ चा विक्रम टप्प्यात होता आणि शेवटचा सामना फिलाडेल्फियात जायंट्सशीच. पण ईगल्सचं बाद फेरीतलं दुसरं मानांकन पक्कं झालं होतं. प्रत्येक गटातून सात टीम पुढे जातात आणि पहिल्या मानांकनालाच एक फेरी सुट्टी मिळते, म्हणजे त्या सामन्यातून ईगल्सना मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी बार्कलीला खेळवलंच नाही. तो विक्रम बघायला ज्यांनी तिकीट काढलं होतं त्यांनी राखीव खेळाडू बघितले. ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

जायंट्स ३ जिंकून १४ हरले, विभागात शेवटचे. म्हणून ड्राफ्टमध्ये तिसरी निवड त्यांची आणि २०२५ ला बाकीच्या विभागांतले चौथे त्यांच्या वाट्याला: न्यू ऑर्लीन्स, न्यू इंग्लंड आणि सॅन फ्रान्सिस्को. विषम वर्ष असल्यामुळे घरचे सामने आठच. त्यात कॅन्सस सिटी आणि ग्रीन बे दोघेही मेटलाइफला येणार, हे जानेवारीतच कळलं होतं.